मानशीवरची खूण

चोडणच्या फेरीत, इंजिनाच्या गरम भिंतीला टेकून
मी बारावीचे पेपर तपासते.
सकाळी तपासले तर लाल शाई हलते,
संध्याकाळी तपासले तर मीच.

प्रश्न सातवा, पाच गुण.
‘क्ष’वर्ग उणे ‘क्ष’ अधिक एक,
त्याखाली रेघ,
रेघेखाली तेच, फक्त मधल्या उणेचं अधिक झालेलं.
कमाल किंमत सांगा, किमान सांगा.
(छेद शून्य होत नाही कधी, मी बघून घेतलंय.
या अपूर्णांकाचा पाय चिखलात जात नाही.)

वर्गाने डेरिव्हेटिव्ह काढला.
अकरा जण त्यातच बुडाले,
एकाने चिन्ह हरवलं नि पानभर शोधलं.
कायतान एकटा बांधावरून चालत गेला.

त्याने लिहिलंय:
‘क्ष’ला विचारत नाही, किती उंच जातोस.
‘य’ला विचारतो, तुला घर आहे का.

त्याचा बाप बोस्त्यांव खाजनावरची मानस राखतो.
गेल्या पुनवेला मी तिथे सुंगटं घ्यायला थांबले होते.
चिऱ्याच्या भिंतीवर चुन्याच्या दोन रेघा,
वरची उधाणाची, खालची भांगाची,
मध्ये शेवाळ, आणि कुणाचं तरी नाव खरवडलेलं.
बोस्त्यांव नदीच्या तोंडाकडे बघतही नव्हता.
रेघेवर अंगठा ठेवून, कुणी समोर असल्यासारखं
विचारत होता, “हांगासर पावतलें?”

तसाच पोराने अंगठा ठेवला ‘य’वर.
छेद पलीकडे नेला, पदं गोळा केली,
‘क्ष’चं वर्गसमीकरण उभं राहिलं,
आणि त्याच्या दारात त्याने विवेचक बसवला
फळीसारखा.
ऋण निघेल त्याला आत जागा नाही.
चार आला, परत गेला.
शून्य आला, तोही परत.
दोनला आत घेतलं.
तीन आला तो बरोबर उंबऱ्यावर थांबला,
विवेचक शून्य, ना आत ना बाहेर.
एक तृतीयांशाचंही तेच.
झालं. तीन कमाल, एक तृतीयांश किमान.
गंमत म्हणजे कमाल राहते उणे एकाकडे.
अधिक एकाच्या वाट्याला तळ आलाय.

समासात त्याने न विचारलेलंही लिहून ठेवलंय:
दोनला तीन सप्तमांश,
अर्ध्यालाही तीन सप्तमांश.
एका उंचीला दोन घरं, एकमेकांची उलटी.
टोकाला जाताना ती जवळ जवळ येतात
आणि टोकावर एकच उरतं.
मी पेन खाली ठेवलं.
सतरा वर्षं हे गणित शिकवतेय,
टोक म्हणजे दोघांचं एक होणं,
हे फळ्यावर कधी लिहिलं नाही.

उत्तरसूचीत ही रीत नाही.
परीक्षक विचारतील, पायऱ्या कुठे आहेत.
मी पाच दिलेत. पाचाच्या खाली रेघ मारली, दोनदा.

पण त्याच्या खाली, पेन्सिलीने, घाईत:
“टीचर, ‘य’ एक घेतला तर ‘क्ष’ शून्य मिळतो.
वर्ग नाहीसा होतो, मूळ एकच येतं.
पण एक हे तर टोक नाही.
मग त्याचं दुसरं घर कुठे गेलं?”

फेरी मधोमध आली. रायबंदर मागे, चोडण पुढे,
दोन्ही धक्के सारखेच लांब.
उजवीकडे मांडवी रुंद होत
पणजीच्या पुलांखालून जाते, पुढे आग्वाद,
त्यापुढे मी मोजू शकत नाही असं पाणी.
मला उत्तर माहीत आहे. एका शब्दाचं आहे.
तो शब्द लिहिला की मुलं विचारायची थांबतात.

म्हणून लाल शाईत लिहिलं,
ओहोटीला मानशीवर भेट,
बापालाही थांबायला सांग.

धक्का लागला. साखळी खणखणली.
स्कूटरवाल्यांनी आधीच किक मारलेली.